घडीच्या जुन्या चाकूंचे उत्पादन-भेद : टँगवरच्या ठशावर किती विसंबावे?

वाकस (धागाकर्ता)

नमस्कार. घडीचे जुने चाकू जमवू लागून मला तीनच वर्षे झाली आहेत, त्यामुळे पुढचा प्रश्न जाणकारांना बाळबोध वाटल्यास सांभाळून घ्यावे.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्ड येथील केस कंपनीचा, 'ट्रॅपर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घडणीचा एक चाकू माझ्याकडे आला आहे. त्याची दोन्ही लांब पाती एकाच टोकाला बसवलेली आहेत, मूठ लालसर हाडाची आहे, दोन्ही टोकांना निकेल-सिल्व्हरचे बोल्स्टर, म्हणजे मुठीच्या टोकांवरचे धातूचे तुकडे, आहेत आणि आत पितळी लायनर, म्हणजे मुठीच्या आतल्या पातळ पट्ट्या, आहेत. अडचण आहे ती ठशांची. मुख्य पात्याच्या बुडाशी, म्हणजे ज्याला आपण सगळे टँग म्हणतो त्या भागावर, 'केस एक्सएक्स' एवढीच अक्षरे आहेत. दुसऱ्या पात्यावर मात्र त्यांच्याखाली 'यू.एस.ए.' अशीही ओळ आहे. विकणाऱ्याने हा 'संक्रमणकाळातला' दुर्मीळ चाकू असल्याचे सांगितले. असे चाकू खरोखरच कारखान्यातून बाहेर पडत होते, की दोन मोडक्या चाकूंमधून एक धड चाकू जुळवून त्याला हे भारदस्त नाव दिले गेले आहे? ते ठरवायचे झाल्यास मी नेमके काय तपासावे?

निसणा

आधी ठशांचा क्रम सांगतो, म्हणजे पुढच्या चर्चेला आधार राहील. केसच्या चाकूंवर साधारण १९२० ते १९४० या काळात 'केस टेस्टेड एक्सएक्स' असा ठसा आढळतो. १९४० ते १९६४ या काळात नुसता 'केस एक्सएक्स' आणि १९६५ ते १९६९ या काळात त्याखाली 'यू.एस.ए.' असतो. १९७० पासून कंपनीने त्याच ठशाखाली दहा ठिपके द्यायला सुरुवात केली आणि दर वर्षी एक ठिपका कमी केला. म्हणजे १९७१ ला नऊ, १९७६ ला चार आणि १९७९ ला एक. १९८० मध्ये पुन्हा दहा ठिपके आले. पण या दशकातल्या ठशात इंग्रजी 'एस' हे अक्षर विजेच्या रेघेसारखे टोकदार कोरलेले आहे, त्यामुळे १९७४ चे सहा ठिपके आणि १९८४ चे सहा ठिपके यांची गल्लत होण्याचे कारण नाही. १९९० च्या ठशात तर वर्षच आकड्यांत दिले होते.

या हिशेबाने आपले एक पाते १९६४ किंवा त्यापूर्वीचे आणि दुसरे १९६५ ते १९६९ मधले ठरते. असे चाकू कारखान्यातून निघत होते का, तर होय, निघत होते. पाती पट्टीतून कापली जातात, त्यांच्यावर ठसा मारला जातो, मग त्यांना पाणी दिले जाते, घासाई होते, आणि त्यानंतर ती जुळणीची वेळ येईपर्यंत पेटाऱ्यात पडून राहतात. ठसा बदलला म्हणून कोणताही शहाणा कारखानदार शिल्लक पाती भंगारात टाकत नाही. जुळणी करणारा कारागीर समोरच्या पेटाऱ्यातून हाताला येईल ते पाते उचलतो, आणि ठसा बदलण्याच्या सुमारास दोन पेटाऱ्यांत दोन वेगळ्या ठशांची पाती असणे अगदी स्वाभाविक आहे. १९६४-६५ च्या तसेच १९६९-७० च्या सांध्यावरचे असे मिश्र ठशांचे चाकू संग्राहकांना परिचित आहेत.

तेव्हा पहिली गोष्ट मनाशी पक्की करावी. ठसा हा पात्याचा असतो, चाकूचा नव्हे. तो आपल्याला एवढेच सांगतो की हा चाकू या पात्यापेक्षा जुना असू शकत नाही.

ऐरण

निसणा यांनी सांगितलेला क्रम बरोबर आहे, परंतु त्यातून निघणारा दिलासा मला घातक वाटतो. 'संक्रमणकाळ' हा शब्द इतका सोयीचा आहे की जुळवाजुळव केलेला प्रत्येक चाकू त्याच्या आडोशाला उभा राहतो. कारखान्यात असे घडू शकत होते, यावरून आपल्या हातातल्या चाकूच्या बाबतीत तेच घडले असे सिद्ध होत नाही. मी स्वतः एकदा अशाच शब्दाला भुललो होतो. घरी आणून भिंगाखाली धरल्यावर बोल्स्टरवर कानशीचे ताजे ओरखडे दिसले आणि दोन पात्यांपैकी एक पाते दुसऱ्याच घडणीच्या चाकूतले निघाले. ते बंद केल्यावर त्याचे टोक लायनरच्या कडेच्या वर डोकावत होते, आणि इतकी ढोबळ गोष्टही व्यवहाराच्या घाईत माझ्या नजरेतून सुटली होती.

वाकस, आपण पुढील गोष्टी तपासून इथे लिहाव्यात. बोल्स्टरमधून जाणारी मुख्य पिन, जिच्यावर पाती फिरतात, ती कारखान्यात ठोकून बसवल्यावर बोल्स्टरसोबतच घासून एकजीव केलेली असते. बोल्स्टर आणि पिन एकाच धातूचे असल्यामुळे चांगल्या जुन्या चाकूत ती शोधूनही सापडत नाही. पाते बदलायचे तर ही पिन काढावीच लागते, आणि नवी पिन कितीही सफाईने बसवली तरी तिरप्या प्रकाशात तिचे बारीक वर्तुळ बहुधा दिसते. म्हणून समोरून दिवा न धरता तो अगदी बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरावा आणि चाकू हळूहळू फिरवावा.

दुसरे, दोन्ही पात्यांची झीज परस्परांशी जुळते का ते पाहावे. मुख्य पाते जास्त वापरले जाते, त्यामुळे ते थोडे अधिक झिजलेले असणे योग्यच आहे. पण एक पाते धार लावून लावून निम्म्यावर आलेले आणि दुसऱ्यावर मूळच्या घासाईच्या रेघासुद्धा शाबूत, असे असेल तर शंका घ्यावी. तिसरे, चाकू उघडा, अर्धा उघडा आणि बंद अशा तिन्ही स्थितींत पाठीची स्प्रिंग लायनरच्या कडेशी कुठे येते ते पाहावे. मूळ जोडीत ती उघड्या आणि बंद स्थितीत जवळपास एका पातळीत येते. परके पाते असले की ती कुठेतरी वर उचललेली किंवा आत खचलेली राहते, कारण टँगचा आकार आणि स्प्रिंगचे टोक एकमेकांसाठी घासलेले नसतात.

कानस

चर्चा केसपुरती राहू नये म्हणून, कोणत्याही कारखान्याच्या चाकूला लागू पडेल अशी एक रीत मांडतो. प्रत्येक चाकूला काळाच्या दोन मर्यादा असतात. एक, हा चाकू ज्याच्या आधीचा असूच शकत नाही ते वर्ष. आणि दुसरी, हा ज्याच्या नंतरचा असण्याची शक्यता फार कमी आहे ते वर्ष. पहिली मर्यादा पुष्कळदा पक्की मिळते, कारण ती सामग्रीवरून ठरते, आणि सामग्री खोटे बोलत नाही. दुसरी नेहमी डळमळीत असते, कारण जुना ठसा, जुनी पाती आणि जुन्या पिना कितीही वर्षे पडून राहू शकतात.

सामग्रीची काही उदाहरणे देतो. इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये हॅरी ब्रेअर्ली यांचे न गंजणाऱ्या पोलादावरचे काम १९१३ चे आहे. तेव्हा पात्यावर 'स्टेनलेस' असे लिहिलेला चाकू एकोणिसाव्या शतकातला असल्याचे कोणी सांगितले तर बोलणे तिथेच थांबवावे. ड्यूपाँ कंपनीचे डेल्रिन हे प्लास्टिक १९६० मध्ये बाजारात आले. हाडासारख्या खाचा पाडलेली डेल्रिनची मूठ ज्या चाकूला मुळापासून बसवलेली आहे, तो चाकू त्याआधीचा नाही. फिलिप्स पद्धतीच्या चौफुलीसारख्या खाचेच्या स्क्रूचे पेटंट १९३६ चे आहे. म्हणून स्विस चाकूत त्या स्क्रूसाठीचे अवजार असेल आणि चाकू पहिल्या महायुद्धातला म्हणून दाखवला जात असेल, तर ठसा पाहण्याचीही गरज नाही.

कायद्यांचाही असाच उपयोग होतो. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली आयात-कर कायद्याने तिथे येणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव असणे बंधनकारक केले आणि १८९१ पासून त्याचा अंमल सुरू झाला. म्हणून शेफील्डच्या पात्यावर 'इंग्लंड' किंवा झोलिंगेनच्या पात्यावर 'जर्मनी' असे असेल, तर ते पाते बहुधा १८९१ नंतरचे असते. मात्र याचे उलट विधान खरे नाही, आणि इथेच पुष्कळ जण घसरतात. देशाचे नाव नसलेला प्रत्येक चाकू १८९१ पूर्वीचा ठरत नाही, कारण अमेरिकेत न जाणाऱ्या मालाला हे बंधन नव्हतेच. 'वेस्ट जर्मनी' हा ठसा मात्र दोन्ही बाजूंनी बांधलेला आहे. तो देश १९४९ मध्ये निर्माण झाला आणि १९९० मध्ये जर्मनी एक झाली.

शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स यांच्या चाकूंवर तारा आणि माल्टीज क्रॉस ही १६८२ पासूनची खूण असते. तिच्यावरून काळ ठरवणे अशक्य आहे, कारण ती शतकानुशतके चालत आली. पण त्याच पात्यावर मुकुटाच्या दोन बाजूंना राजाची आद्याक्षरे असतील तर ती उपयोगी पडतात. व्हिक्टोरिया राणीची 'व्ही. आर.' ही अक्षरे १९०१ पर्यंतची, सातव्या एडवर्डची 'ई. आर.' १९०१ ते १९१० मधली आणि पाचव्या जॉर्जची 'जी. आर.' १९१० नंतरची. हेही पात्याचे वय आहे, चाकूचे नव्हे; निसणा यांचा मुद्दा इथेही तसाच लागू होतो.

अडकित्ता

ज्यांना ठशांच्या तक्त्यांचा कंटाळा येतो त्यांच्यासाठी ओपिनेल हा फार सुखाचा चाकू आहे, कारण त्याचे उत्पादन-भेद रचनेतच दिसतात. फ्रान्सच्या साव्वा प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी तो १८९० मध्ये घडवला. १८९७ मध्ये त्याची १ ते १२ अशा क्रमांकांची मालिका ठरली आणि १९०९ मध्ये मुकुट असलेल्या हाताची खूण नोंदवली गेली. पुढे १ आणि ११ हे क्रमांक बंद झाले. उघडलेले पाते पक्के धरून ठेवणारी फिरती कडी, जिला 'व्हिरोब्लॉक' म्हणतात, ती १९५५ मध्ये आली. त्यामुळे ८ क्रमांकाच्या चाकूला कडी नसेल आणि ती काढून टाकल्याच्या खुणाही नसतील, तर तो कडीपूर्व काळातला मानावा. मात्र हा नियम क्रमांक २ ते ५ या लहान चाकूंना लावू नये. त्यांना आजही कडी नसते. कडी बंद चाकूलाही अडकवता येत असेल तर तो आणखी अलीकडचा, साधारण २००० च्या आसपासचा किंवा त्यानंतरचा असतो.

कडी काढल्याची खूण कशी ओळखावी, हे कोणी विचारण्याआधीच सांगतो. ही कडी मुठीच्या टोकावरच्या स्थिर धातूच्या गळपट्टीवर फिरते, आणि वर्षानुवर्षे फिरल्यामुळे त्या गळपट्टीवर आडवे, गोलाकार ओरखडे उठतात. कडी कधीच नव्हती अशा चाकूच्या गळपट्टीवर असे ओरखडे नसतात.

स्विस सैनिकी चाकूचे तर याहून सोपे आहे. मुठीला नक्षीदार ॲल्युमिनियम असलेल्या १९६१ च्या नमुन्याच्या टँगवर वर्षाचे शेवटचे दोन आकडेच मारलेले असतात. इब्बाखचा व्हिक्टोरिनॉक्स आणि देलेमोंचा वेंगर हे दोन्ही कारखाने सैन्याला चाकू पुरवत होते; त्यामुळे एकाच वर्षाचे दोन भेद मिळतात आणि संग्राहकाला दोन्ही हवे असतात. १८९७ पासूनच्या अधिकारी-चाकूवर, म्हणजे लाल मुठीच्या परिचित चाकूवर, वर्षाचा आकडा नसतो. तिथे काळ ठरवायचा तर अवजारांचे आकार, लायनर आणि ठशातले शब्द असे सगळे एकत्र पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

वाकस

सर्वांचे मनापासून आभार. ऐरण यांनी सांगितल्याप्रमाणे काल रात्री चाकू तपासला. मुख्य पिन मला कोणत्याही कोनातून दिसली नाही. दहापट मोठे करून दाखवणाऱ्या भिंगाखालीही बोल्स्टर एकसंध वाटतो आणि त्यावरचे जुने ओरखडे पिनेच्या जागेवरून न तुटता पलीकडे गेलेले आहेत. दोन्ही पात्यांवर सारखीच करडी-निळसर झाक आहे. मुख्य पाते थोडे झिजलेले आहे, दुसरे त्याहून कमी. स्प्रिंग उघड्या आणि बंद अशा दोन्ही स्थितींत कडेशी समपातळीत येते आणि दोन्ही पाती बंद होताना एकसारखा खणखणीत खटका होतो. म्हणजे हा खरोखर संक्रमणकाळातला चाकू आहे असे मी समजू का?

ऐरण

जुने ओरखडे पिनेच्या जागेवरून अखंड गेले आहेत हे निरीक्षण उत्तम आहे. मी स्वतः ते सुचवायला हवे होते. दोन्ही पाती या बोल्स्टरमध्ये फार पूर्वीपासून एकत्र आहेत हे मला आता मान्य आहे. पण 'पाती मूळची आहेत' आणि 'चाकू मूळचा आहे' ही दोन वेगळी विधाने आहेत, आणि आपण अजून मुठीबद्दल काहीही सांगितलेले नाही.

निसणा

ऐरण यांच्या शंकेखोरपणाला मी थोडा हसत होतो, पण बक या अमेरिकी कंपनीच्या ११० क्रमांकाच्या चाकूची गोष्ट आठवली आणि त्यांचेच म्हणणे बरोबर वाटू लागले.

पाते उघडल्यावर पाठीकडून अडकून राहणारा हा चाकू १९६० च्या दशकाच्या मध्यात, कारखाना कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला असताना आला. कारखाना २००५ मध्ये आयडाहोतल्या पोस्ट फॉल्सला गेला. सुरुवातीच्या पात्यांवर नुसते 'बक' असे नाव आहे, पुढे 'यू.एस.ए.' आले आणि त्यानंतर '११०' हा आकडा. १९८६ पासून तर वर्षाची खूणच आली. त्या वर्षी डावीकडे टोक असलेला कोन होता, १९८७ ला तोच कोन उजवीकडे वळला. ठशाबरोबर इतर गोष्टीही बदलत होत्या. लाकडी पट्टी धरून ठेवणाऱ्या पिनांची संख्या आणि जाडी बदलली, पितळी बोल्स्टरच्या चौकोनी, हाताला टोचणाऱ्या कडा पुढे गोल झाल्या, आणि पात्याचे पोलाद आधी ४४०सी, मग साधारण १९८१ पासून ४२५ मॉडिफाइड आणि १९९० च्या दशकात ४२०एचसी असे बदलत गेले. शेवटचा बदल डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी ठशावरच विसंबावे लागते.

आता मुद्दा असा, की हा कारखाना जुने चाकू दुरुस्तीला घेतो आणि गरज पडल्यास पातेही बदलून देतो. म्हणजे चौकोनी कडांची, जुन्या पिनांची चौकट आणि तिच्यात नव्या ठशाचे पाते असा चाकू समोर आला, तर तो बनावट नाही, कोणा लबाड विक्रेत्याची करामतही नाही आणि कारखान्यातला संक्रमणकालीन भेदही नाही. कारखान्याच्याच माणसांनी, कारखान्याच्याच पिनेने, वीस वर्षांनंतर पाते बदललेले असते. तेथे पिनेची तपासणीसुद्धा फारसे काही सांगणार नाही, कारण काम उत्तमच झालेले असते. अशा वेळी चौकटीचा काळ आणि पात्याचा काळ असे दोन वेगळे रकाने वहीत ठेवावेत. मी आता प्रत्येक चाकूसाठी तसेच ठेवतो.

कानस

रकान्यांची गोष्ट निघाली आहे तर माझ्या मनातली एक जुनी खंत मांडतो. आपण 'भेद' हा शब्द फार सैल वापरतो. जुन्या चाकूंची घासाई आणि जुळणी हाताने होत असे. दोन कारागिरांनी एकाच दिवशी, एकाच साच्यातल्या पात्यांपासून केलेले दोन चाकू शेजारी ठेवले तरी बोल्स्टरचा उतार, पात्याच्या टोकाचा आकार आणि हाडावरच्या खाचांची खोली यांत फरक आढळतो. हा हाताचा फरक आहे, उत्पादनाचा भेद नव्हे. त्याखेरीज झिजेने निर्माण झालेला फरक असतो. धार लावून लावून अरुंद झालेल्या पात्याला 'दुर्मीळ अरुंद पाते' म्हणून पुढे करण्याचे प्रकार मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहेत. आणि ठशाचा स्वतःचा फरकही असतो. ठसा झिजला की अक्षरांच्या कडा बोथट होतात, एखादा ठिपका पुसट उमटतो किंवा नंतरच्या घासाईत नाहीसा होतो. केसच्या ठिपक्यांच्या बाबतीत हे विशेष जपावे लागते, कारण एक ठिपका नाहीसा झाला की चाकू एका वर्षाने धाकटा होतो. ठिपके मोजताना केवळ दिसतात तेवढे न मोजता त्यांच्यातले अंतर पाहावे. ओळीत एका ठिकाणी दुप्पट अंतर दिसले तर तिथला ठिपका गेला आहे असे समजावे.

एखाद्या फरकाला उत्पादन-भेद म्हणण्यापूर्वी मी तीन प्रश्न विचारतो. तोच फरक, परस्परांशी संबंध नसलेल्या ठिकाणांहून आलेल्या अनेक चाकूंत तसाच सापडतो का? झीज, धार किंवा दुरुस्ती यांनी तो उत्पन्न होऊ शकत नाही ना? आणि तो करण्यासाठी कारखान्याला एखादे साधन बदलावे लागले असते का, म्हणजे नवा ठसा, नवा साचा किंवा वेगळी सामग्री? नखाने पाते उघडण्यासाठीची खाच हे यातले फार चांगले उदाहरण आहे. लहान, अर्धचंद्रासारखी खाच आणि पात्याच्या पाठीलगत दूरवर जाणारी लांब, सरळ खाच या दोन्ही वेगवेगळ्या साधनांनी पाडल्या जातात. तो खरा भेद आहे आणि तो कितीही धार लावली तरी बदलत नाही, कारण तो पाठीकडे असतो. उलट टोकाचा आकार पहिल्याच दुरुस्तीत बदलतो.

अडकित्ता

कानस यांच्या तिसऱ्या प्रश्नाशी सहमत आहे, पण पहिल्या प्रश्नाबाबत थोडी सावधगिरी हवी. परस्परांशी संबंध नसलेले चाकू आपण मानतो तितके असंबंधित असतातच असे नाही. एखादा कारखाना बंद पडतो, त्याचे सुटे भाग कोणीतरी पोत्यांनी उचलतो आणि पुढची दहा वर्षे त्यांतून चाकू जुळवले जातात. मग एकाच हाताने जुळवलेला, कारखान्यात कधीच न बनलेला 'भेद' अनेक संग्रहांत शिरतो.

नाव विकत घेण्याचा प्रकार याहून सोपा, कारण तो उघड असतो. न्यूयॉर्क राज्यातला श्रेडचा कारखाना २००४ मध्ये बंद झाला आणि नाव दुसऱ्या कंपनीने घेतले. त्यानंतरचे त्या नावाचे चाकू चीनमध्ये बनू लागले. 'श्रेड-वॉल्डन' हा ठसा १९४६ ते १९७३ मधला आणि त्यानंतरचा 'श्रेड यू.एस.ए.' कारखाना बंद होईपर्यंतचा, एवढे लक्षात ठेवले तरी गोंधळ टळतो. रेमिंग्टनने स्वतःचे घडीचे चाकू १९२० ते १९४० या काळात बनवले, पण मुठीवर बंदुकीच्या गोळीच्या आकाराची शिल्ड, म्हणजे धातूची छोटी खूणपट्टी, असलेल्या त्यांच्या प्रसिद्ध चाकूंच्या नव्या आवृत्त्या १९८२ पासून जुनेच क्रमांक घेऊन निघाल्या आहेत. या आवृत्त्या प्रामाणिकपणे नव्या म्हणूनच विकल्या गेल्या; त्यांना मुद्दाम कळकट करून जुने म्हणून विकणारे नंतर आले.

ऐरण

वाकस, मुठीकडे वळू या. प्रथम ती खरोखर हाडाची आहे का ते पाहावे. हाडात रक्तवाहिन्यांच्या सूक्ष्म नळ्या असतात. भिंगाखाली त्या काळपट ठिपक्यांसारख्या किंवा बारीक रेघांसारख्या दिसतात, विशेषतः मुठीच्या कडेला, जिथे हाड लायनरला टेकते. डेल्रिनमध्ये काहीच दिसत नाही, ते आरपार एकसारखे असते. तापवलेली सुई टोचून पाहण्याचा जो सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो, तो कृपा करून पाळू नये. त्याने उत्तर मिळते आणि चाकूला कायमचे भोक पडते. मूठ सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या ज्वालाग्राही प्लास्टिकची, असण्याची शंका आली तर ही चाचणी सरळ धोक्याची आहे, कारण ते भडकन पेटते. जाता जाता हेही सांगतो, की सेल्युलॉइडच्या मुठीचे चाकू इतरांपासून वेगळे ठेवावेत. ते सडू लागले की त्यातून निघणाऱ्या आम्लयुक्त वाफा शेजारच्या चाकूंनाही गंज चढवतात.

हाड नक्की झाले की बोल्स्टर आणि हाड यांच्या सांध्यावरून नख फिरवावे. कारखान्यात बोल्स्टर आणि मूठ एकत्रच घासली जाते, म्हणून तो सांधा मूळचा सपाट असतो. जुन्या चाकूत हाड थोडे आकसते, त्यामुळे बारीक फट किंवा हाडाच्या बाजूला किंचित खोलगटपणा चालेल. पण हाडच बोल्स्टरपेक्षा वर आलेले असेल, किंवा मूठ नंतर घासताना बोल्स्टरचीही कड गोलावली असेल, तर ते लक्षण चांगले नाही. त्यानंतर पाती पूर्ण उघडून, लहान टॉर्चचा प्रकाश दोन लायनरांच्या मधल्या पोकळीत सोडावा आणि लायनरची आतली बाजू इंच न इंच पाहावी. मूठ ज्या पिनांनी बसवली जाते, त्यांची टोके तिथे दिसतात. जितक्या पिना बाहेरून दिसतात तितकीच टोके आत दिसायला हवीत, आणि बाहेरच्या पिनेसमोरच आतले टोक हवे.

वाकस

काल आणि आज मिळून जवळपास दोन तास यात घालवले. मूठ हाडाचीच आहे. नळ्यांचे ठिपके स्पष्ट दिसतात. मात्र समोरच्या बाजूचा सांधा सपाट असला तरी मागच्या बाजूला हाड बोल्स्टरच्या किंचित वर आहे, नख अडकते. टॉर्चने पाहिल्यावर मागच्या लायनरमध्ये पिनांच्या टोकांखेरीज एक रिकामे भोक दिसले, आणि त्या भोकातून पलीकडचे हाड दिसते, म्हणजे ते भोक वापरात नाही. बाहेरून पाहिल्यास त्या जागेपासून सुमारे दोन मिलिमीटरवर पिन आहे. शिवाय समोरच्या हाडाचा लाल रंग उंचवट्यांवर फिका आणि खाचांत गडद आहे, तर मागच्या हाडाचा रंग सगळीकडे सारखाच आहे.

ऐरण

मग मागची मूठ नंतर बसवलेली आहे. ज्याने बसवली त्याच्या नव्या हाडात पिनेचे भोक जुन्या जागी जुळले नसावे, म्हणून त्याने लायनरला शेजारी दुसरे भोक पाडले. रंगाचे निरीक्षणही त्याच्याशी जुळते. हाताच्या वापराने उंचवट्यांवरचा रंग आधी उडतो, आणि एकाच चाकूच्या दोन बाजू एकाच हातात वापरल्या गेल्या असताना एकीचा रंग उडावा आणि दुसरीचा तसाच राहावा, हे पटण्यासारखे नाही.

निसणा

यात गंमत अशी, की आपण सगळे आठवडाभर दोन ठशांकडे पाहत होतो आणि ते दोन्ही ठसे खरेच निघाले. विकणाऱ्याने सांगितलेली गोष्टही खोटी नव्हती. तिने फक्त आपल्याला चाकूच्या योग्य टोकापासून दूर ठेवले. वाकस, मुख्य पात्याच्या टँगच्या मागच्या बाजूला घडणीचा क्रमांक आहे का? केसच्या क्रमांकात पहिला आकडा मुठीच्या सामग्रीचा असतो, ६ म्हणजे हाड, ५ म्हणजे शिंग, ३ म्हणजे पिवळे कृत्रिम द्रव्य. दुसरा आकडा पात्यांच्या संख्येचा आणि उरलेले घडणीचे.

वाकस

आहे. '६२५४' असा आहे, म्हणजे हाडाची मूठ आणि दोन पाती. समोरच्या बाजूशी तो जुळतो आणि मागच्या बाजूशीही जुळतो, पण मागच्या बाजूबद्दल त्याने काही सिद्ध होत नाही हे आता ध्यानात आले. वहीत अशी नोंद केली आहे: 'पाती १९६४-६५ च्या सांध्यावरची, मुख्य पिन मूळची, समोरचे हाड मूळचे, मागचे हाड नंतर बदललेले, लायनरमध्ये एक जास्तीचे भोक.' आतल्या भोकाचे छायाचित्र घ्यायचा प्रयत्न केला, पण पितळेवरून प्रकाश परावर्तित होऊन नुसता पांढरा डाग येतो आहे.

कानस

टॉर्चसमोर साधा पातळ पांढरा कागद धरा आणि प्रकाश पोकळीत सरळ न सोडता पात्यांच्या टोकाच्या बाजूने सोडा, म्हणजे भोकाची कड सावलीत उठून दिसेल. छायाचित्रात मोजपट्टीही येऊ द्या; पिनेपासूनचे दोन मिलिमीटर नंतर कोणालाही मोजता आले पाहिजेत.